सेमी-ऑटो रायफलच्या पुंगळ्या जास्त दिवस टिकवायच्या असतील तर: रिलोडिंगची माझी पद्धत, पहिल्यापासून शेवटपर्यंत

रिलोडिंग म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं पितळी कवच, म्हणजे पुंगळी, नवा प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली), पावडर आणि गोळी घालून परत भरणं. चौथ्यांदा भरलेली पुंगळी होती ती. फायर केलं, आवाज नेहमीसारखाच, पण बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) पुढे येताना अर्ध्यावरच अडकला. मॅगझीन काढलं, बोल्ट मागे ओढला तर एक नवीन काडतूस वाकडंतिकडं होऊन बाहेर पडलं, आणि खाली जमिनीवर बघतो तर पितळेचं नुसतं बूड पडलेलं, जेमतेम नखाएवढं, कडेला चकचकीत ताजा तुटलेला काठ. बाकीची अख्खी पुंगळी अजून चेंबरमध्येच, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागीच, चिकटून बसली होती. सुदैवाने कुणाला काही झालं नाही, पण त्या दिवशी घरी येऊन मी आधीच्या सगळ्या पुंगळ्या टेबलावर ओतल्या आणि एकेक करून आतून तपासल्या. पन्नासातल्या अकरा तुटायच्या बेतात होत्या. दोष रायफलचा नव्हता, पावडरचाही नव्हता, मी डाय (फुगलेली पुंगळी दाबून परत मापात आणणारा साचा) चुकीचा सेट केला होता, बस.

तेव्हापासून मला जे कळलंय ते एवढंच की सेमी-ऑटोमध्ये पुंगळी खराब होते ती फायर झाल्यामुळे कमी आणि दोन गोष्टींमुळे जास्त: रायफल तिला गरजेपेक्षा जोरात आणि लवकर बाहेर ओढते, आणि आपण प्रेसवर (डाय बसवायच्या दाबयंत्रावर) तिला गरजेपेक्षा जास्त दाबतो. या दोन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत. खाली जे लिहितोय ते एआर-15 रायफल आणि .223 काडतूस धरून लिहितोय, कारण अमेरिकेत आपल्या लोकांकडे बहुतेक तीच असते, .308 वाल्यांना आकडे सोडले तर सगळं तसंच लागू.

आधी कायद्याचं, कारण हे वाचणारे काही जण भारतात असतील. भारतात शस्त्र कायदा 1959 प्रमाणे लायसन्सशिवाय घरी काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे तिथे हे फक्त माहितीसाठी वाचा, करायला जाऊ नका. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी रिलोडिंग करायला फेडरल लायसन्स लागत नाही, पण विकायला लागतं. आणि एच-1बी, एफ-1 अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल तर बंदूकच काय, काडतूस जवळ बाळगायलाही फेडरल कायद्याने मनाई आहे, हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद आहेत ते वकिलाला विचारून घ्या, मित्राने सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही. राज्याराज्यांचे नियम वेगळे, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कवाल्यांनी ते वेगळे बघावेत.

आधी रायफल, मग प्रेस

बोल्ट अॅक्शन रायफलमध्ये तुम्ही हाताने बोल्ट उघडता तोपर्यंत चेंबरमधलं प्रेशर कधीच गेलेलं असतं, पुंगळी थंडपणे सैल होऊन बाहेर येते. एआरमध्ये बॅरलमधला गॅस मागे येऊन बोल्ट उघडतो, आणि गॅस जास्त असेल तर बोल्ट लवकर उघडतो, म्हणजे पुंगळी अजून चेंबरच्या भिंतींना फुगून चिकटलेली असतानाच एक्स्ट्रॅक्टर (बोल्टवरचा आकडा) तिच्या बुडाची कड धरून हिसकतो. कड वाकते, कधीकधी तुकडा निघतो, बुडाला इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर ढकलणाऱ्या पिनच्या) भोकाचा गोल चकचकीत शिक्का उमटतो, आणि पुंगळी मधून ताणली जाते. छोट्या कार्बाइन लांबीच्या गॅस सिस्टिममध्ये गॅस पोर्ट (नळीतलं गॅस घ्यायचं भोक) चेंबरच्या जवळ असतं त्यामुळे हा त्रास जास्त, रायफल लांबीच्यामध्ये कमी.

रेंजवर गेल्यावर पुंगळ्या कुठे पडतात ते बघा. नळीचं तोंड म्हणजे बारा वाजले असं धरा. तीन ते साडेचारच्या दिशेला, थोड्याशा अंतरावर एका जागी ढीग होत असेल तर छान. एक-दोन वाजताच्या दिशेला, म्हणजे पुढे, लांब उडत असतील तर बोल्ट फार जोरात मागे येतोय. यावर उपाय दोन: अॅडजस्टेबल गॅस ब्लॉक लावून गॅस कमी करायचा, किंवा स्टॉकच्या नळीतला बफर (मागे येणाऱ्या बोल्टला झेलणारं वजन) जड घ्यायचा. साधा कार्बाइन बफर तीन औंसाच्या आसपास असतो, त्यावर एच, एच-2, एच-3 असे जड मिळतात. मी आधी गॅस कमी करून बघतो, कारण मूळ दुखणं तेच असतं.

सेट करायची रीत सोपी आहे. मॅगझीनमध्ये एकच काडतूस भरा, फायर करा, बोल्ट मागे लॉक झाला पाहिजे. गॅस इतका कमी करत जा की बोल्ट लॉक व्हायचा थांबेल, मग तिथून थोडा परत वाढवा. थंडीत रायफल जरा सुस्त होते म्हणून अगदी काठावर सोडू नका. आणि तुम्ही जो लोड (पावडर आणि गोळीची ठरलेली जोडी) नेहमी वापरणार त्याच लोडने हे करा, नाहीतर सगळी मेहनत वाया.

रिसिव्हरवर (रायफलच्या मधल्या धडावर) पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीच्या मागे जो उंचवटा असतो ना, डिफ्लेक्टर, त्यावर आपटून पुंगळीच्या पोटाला खोक पडते. त्यावर व्हेल्क्रोची मऊ बाजू चिकटवा, कापून नीट बसवा, दोन मिनिटांचं काम आहे आणि फरक लगेच दिसतो. पोटाची साधी उथळ खोक पुढच्या फायरिंगला आपोआप फुगून निघते, त्याची काळजी नको. धारदार घडी पडली असेल, जिथे पितळ दुमडल्यासारखं दिसतंय, ती मात्र फेकायची. तोंड चेपलं असेल तर साइझिंगच्या (डायमध्ये दाबून मापात आणण्याच्या) आधी निमुळत्या टोकाच्या पंचाने किंवा पक्कडीच्या बारीक टोकाने हलकेच गोल करून घ्या, तसंच डायमध्ये घातलं तर तोंड आतल्या बाजूला दुमडतं.

गोळा करणं, धुणं

जमिनीवर ताडपत्री टाका किंवा ब्रास कॅचर (पुंगळ्या झेलणारी पिशवी) लावा. वाळूचा एक कण डायमध्ये गेला की पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उभा ओरखडा. एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या, सारख्याच वेळा फायर झालेल्या पुंगळ्या पन्नास-पन्नासच्या डब्यात ठेवायच्या आणि डब्यावर मार्करने लिहायचं किती वेळा भरल्या. हे कंटाळवाणं वाटतं, पण आकडा माहीत नसेल तर पुढचं काहीच नीट करता येत नाही.

धुण्यासाठी मी कॉर्नकॉब (मक्याच्या कणसाचा चुरा) भरलेला व्हायब्रेटर टंबलर, म्हणजे थरथरणारं भांडं, वापरतो, फार काळ्या पडल्या असतील तर पाण्यात थोडं सिट्रिक अॅसिड आणि साबण. आपल्याकडे पितळेची भांडी चिंचेने का घासतात त्याचं कारणही तेच, आंबटाने वरचा काळा थर विरघळतो. पण अॅसिडमध्ये रात्रभर ठेवू नका, पितळ गुलाबी दिसायला लागलं म्हणजे जस्त निघून चाललंय. आणि अमोनिया असलेलं पॉलिश, ब्रासो वगैरे, अजिबात नको. याची गोष्ट आपल्याच देशातली आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवायचे, आणि पावसाळा संपेपर्यंत पुंगळ्यांना आपोआप तडे गेलेले असायचे. कारण बरेच दिवस कळेना. शेवटी 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिलं की घोड्याच्या मुतातला अमोनिया आणि पितळ ओढून बनवताना त्यात राहिलेला ताण, दोन्ही मिळून पितळ फोडतात. इंग्रजीत त्याला सीझन क्रॅकिंग असं नाव पडलं. म्हणून चमकवायच्या नादात अमोनिया लावू नका, पुंगळी चकचकीत दिसेल पण आतून कमजोर होईल.

टंबलरची धूळ जपून हाताळा, जुन्या प्रायमरमधलं शिसं त्यात असतं. घराबाहेर किंवा गॅरेजचं दार उघडं ठेवून चाळायचं, लहान मुलं जवळ नकोत, आणि हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलायचा नाही.

साइझिंग, सगळा खेळ इथेच आहे

माझी चूक इथे झाली होती. डायच्या कागदावर लिहिलेलं असतं की शेलहोल्डरला (प्रेसमध्ये पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत डाय खाली घ्या आणि वर अजून पाव फेरा द्या. तसं केलं की पुंगळी कुठल्याही रायफलमध्ये जाईल एवढी लहान होते. पण तुमचं चेंबर जर जरा मोठं असेल तर पुंगळीचा खांदा, म्हणजे पोट निमुळतं होऊन गोळी धरणाऱ्या मानेला मिळतं तो भाग, नको तेवढा मागे जातो. मग फायर झाल्यावर पुंगळी पुढे जाऊन चेंबरच्या खांद्याला टेकते, भिंती आधी चिकटतात, आणि बूड मागे बोल्टपर्यंत ताणलं जातं. दरवेळी ताणलं जाणार ते एकाच ठिकाणी, बुडाच्या जाड भागाच्या जरा वर. तीन-चार वेळा असं झालं की तिथे पितळ पातळ होतं आणि एक दिवस तुटतं. माझ्या पुंगळ्या मोजल्या तर खांदा नऊ थाऊ मागे जात होता.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना सांगायला नको. सेमी-ऑटोसाठी खांदा तीन ते पाच थाऊ मागे हवा, बोल्ट अॅक्शनला एक-दोन पुरतात. सेमी-ऑटोत त्यापेक्षा कमी करायला जाऊ नका, कारण काडतूस पूर्ण बसलं नाही आणि बोल्ट नीट लॉक झाला नाही तर ते पुंगळी तुटण्यापेक्षा कितीतरी वाईट.

मोजायला व्हर्नियर कॅलिपरवर लागणारा हेडस्पेस कंपॅरेटर (खांद्यापर्यंतचं माप दाखवणारा जोड) घ्या आणि सोबत एक केस गेज (पुंगळी मापात आहे का ते बघायचा साचा). आधी फायर झालेल्या पाच-सहा पुंगळ्यांचे प्रायमर काढा, कारण प्रायमर जरा जरी बाहेर आलेला असला तरी माप चुकतं, मग खांद्यापर्यंतचं माप घ्या. इथे एक बारकी गोष्ट: ज्या एआरमध्ये गॅस जास्त आहे त्यात बाहेर ओढताना पुंगळीचा खांदा चेंबरपेक्षाही पुढे ताणला गेलेला असू शकतो, म्हणून मी म्हटलं रायफल आधी. नाहीतर तुम्ही चुकीच्या मापावरून मोजायला सुरुवात करता.

आता डाय मुद्दाम वर ठेवा, शेलहोल्डरपासून लांब. पुंगळीला लूब लावा, साइझ करा, पुसून मोजा. डाय अगदी थोडा खाली घ्या, परत मोजा. सुरुवातीला माप उलट वाढलेलं दिसेल, घाबरू नका, पोट दबल्यामुळे खांदा पुढे सरकतो, मग डाय खांद्याला लागला की माप कमी व्हायला लागतं. तीन-चार थाऊवर आलं की लॉक रिंग घट्ट करा. मग ती रिकामी पुंगळी केस गेजमध्ये टाकून बघा, नंतर फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर काढलेल्या बोल्टने चेंबरमध्ये टाकून बघा, बोल्ट स्वतःच्या वजनाने बंद झाला पाहिजे. प्रत्येक नव्या लॉटला आणि अॅनीलिंग (मान तापवून मऊ करणं) केल्यानंतर हे माप परत घ्यायचं, पितळाचा कडकपणा बदलला की ते परत किती उसळतं तेही बदलतं.

लूब कमी लावलं तर पुंगळी डायमध्ये अडकते आणि काढताना रडू येतं, जास्त लावलं तर खांद्यावर तेलाचे खड्डे पडतात. मी लॅनोलिन आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलचं मिश्रण फवारतो, अल्कोहोल उडून जाईपर्यंत थांबतो. मानेच्या आतल्या बाजूला थोडं लूब गेलं पाहिजे, नाहीतर एक्सपँडर बॉल (मान आतून रुंद करणारा डायमधला गोळा) बाहेर येताना कुईं करून खांदा वर ओढतो आणि तुम्ही एवढ्या मेहनतीने आणलेले तीन थाऊ जातात.

मान मऊ ठेवणं

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीत गेला असाल तर भांडं ठोकून ठोकून कडक झालं की ते परत भट्टीत टाकतात, मऊ करतात, आणि मग पुन्हा ठोकतात, हे तुम्ही बघितलं असेल. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त, त्याचाही स्वभाव तसाच. दर फायरिंगला मान फुगते, दर साइझिंगला दाबली जाते, आणि कडक होत जाते, मग तोंडाला उभी चीर पडते. म्हणून दोन-तीन फायरिंगनंतर मान आणि खांदा तापवून घ्यायचा.

पुंगळी ड्रिलला लावलेल्या खोल सॉकेटमध्ये ठेवा, हळू फिरवा, गॅस टॉर्चच्या ज्योतीचं टोक मान आणि खांद्याच्या जोडावर धरा. किती सेकंद ते ज्योतीवर अवलंबून, म्हणून 750 डिग्री फॅरेनहाइटचं टेम्पिलॅक (ठराविक तापमानाला वितळणारा रंग) मानेच्या आत लावून एकदोन फुकटच्या पुंगळ्यांवर वेळ ठरवून घ्या, ते वितळलं की लगेच खाली टाकायची. लालभडक करायची नाही. आणि बूड कधीही, कधीही तापवायचं नाही. सगळं प्रेशर बुडाने झेलायचं असतं, ते मऊ झालं की ती पुंगळी म्हणजे हातातला बाँब. चुकून बूड तापलं असं नुसतं वाटलं तरी फेकून द्या.

एक गैरसमज मला बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळतो, की अॅनीलिंग केलं म्हणजे पुंगळी वीस वेळा वापरता येईल. नाही. त्याने मानेच्या चिरा थांबतात, बुडाजवळचं ताणलेलं पितळ परत जाड होत नाही.

लांबी, प्रायमर, भरणं

साइझिंगनंतर लांबी मोजा. .223 ची जास्तीत जास्त लांबी 1.760 इंच, मी कापतो 1.750 ला. .308 साठी 2.015 आणि 2.005. लांब राहिलेली मान चेंबरच्या पुढच्या काठात दाबली जाऊन गोळीला पकडून ठेवते आणि प्रेशर चढतं. कापल्यावर आतून बाहेरून धार काढा. एखादी पुंगळी बाकीच्यांपेक्षा दरवेळी जास्त वाढत असेल तर ते पितळ बुडाकडूनच येतंय, तिच्यावर लक्ष ठेवा.

मिलिटरी ब्रास, म्हणजे लष्करी पुंगळी असेल, लेक सिटी कारखान्याची एलसी लिहिलेली, तर प्रायमरच्या खाचेला क्रिम्प (कडा दाबून केलेली पकड) असतो, तो स्वेजर नावाच्या हत्याराने दाबून काढायचा. चाकूने कोरू नका, खाच सैल होते. प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा तीन ते पाच थाऊ आत बसला पाहिजे, बोटाने फिरवून बघा, कधीच वर नको. एआरची फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट बंद होताना ती दरवेळी प्रायमरला हलका टोला मारते, तुम्ही न फायर केलेलं काडतूस बाहेर काढून बघा, बारीक खूण दिसेल. म्हणून मी सीसीआय 41 सारखे कडक कपाचे प्रायमर वापरतो.

पावडर किती ते मी इथे लिहिणार नाही आणि कुणी ऑनलाइन सांगितलं म्हणून घेऊही नका. छापलेलं मॅन्युअल, तीच पावडर, तेवढ्याच वजनाची गोळी, सुरुवातीचा लोड, तिथून थोडं थोडं वर. पुंगळ्या टिकवायच्या असतील तर मॅक्सिममच्या मागे लागायचं कारणच नाही, मधला लोड जो रायफल नीट चालवतो तोच चांगला, आणि बऱ्याचदा ग्रुपही (कागदावर पडलेल्या भोकांचा घोळका) त्याचाच लहान येतो. मिलिटरी .308 पुंगळ्या जाड असतात, आत जागा कमी, त्यांना लोड खालूनच सुरू करा. टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा. सगळ्या पुंगळ्या भरून ट्रेमध्ये उभ्या केल्या की टॉर्च मारून प्रत्येकीत बघायचं, गोळी बसवायच्या आधी.

गोळी बसवताना पूर्ण लांबी 2.260 इंचाच्या आत, नाहीतर मॅगझीनमध्ये जात नाही. मग एक काडतूस रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, मॅगझीनमधून पूर्ण वेगाने चेंबरमध्ये जाऊ द्या, फायर न करता काढा आणि परत मोजा. लांबी कमी झाली असेल तर मान गोळीला नीट धरत नाहीये.

तपासणं आणि सोडून देणं

पेपरक्लिप सरळ करा, टोक बारीक घासून काटकोनात वाकवा, आणि पुंगळीच्या आत बुडापासून वर भिंतीवरून हळूच ओढा. निरोगी पुंगळीत टोक गुळगुळीत वर येतं. खराब असेल तर बुडाच्या जरा वर ते खोबणीत टक्कन अडकतं. एकदा तो अडका हाताला कळला की विसरत नाही. बाहेरून तिथेच चकचकीत रिंग दिसते, पण साइझिंगचा डायही तिथे एक चकाकी सोडतो, म्हणून नुसत्या डोळ्यावर भरवसा नको, पेपरक्लिप फिरवाच. शंका असेल तर एक पुंगळी उभी कापून बघा, आतली पातळ झालेली भिंत उघड दिसते.

फेकायच्या कुठल्या: पेपरक्लिप अडकली ती, मानेला चीर पडली ती, कड तुटली किंवा वाकली ती, आणि प्रायमर बोटाच्या जोरानेच आत गेला ती, म्हणजे खाच सैल झालीय. माझ्या रायफलमध्ये आता सहा वेळा झालं की मी अख्खा डबाच बाजूला काढतो, एकेक तपासत बसत नाही. पूर्वी चौथ्याला तुटत होत्या.

बाद झालेली पुंगळी तशीच भंगाराच्या बादलीत टाकू नका, पक्कडीने तिचं तोंड चपटं करून मगच टाका, म्हणजे तुम्ही किंवा दुसरं कुणी ती चुकून उचलून परत भरणार नाही.